चाल कुणाची, ठेका कुणाचा, पैसा कुणाचा: रॉक बँडमध्ये श्रेय आणि रॉयल्टी कशी ठरवावी

चार जण जॅमरूममध्ये तीन तास वाजवतात आणि बाहेर पडताना एक गाणं हाताशी असतं. हे कोणी केलं, असं त्या संध्याकाळी विचारलं तर चौघंही म्हणतात, "आपण." दोन वर्षांनी एखादी वेबसिरीज ते गाणं मागते. मग गायक म्हणतो शब्द आणि चाल माझी, गिटारवाला म्हणतो गाणं ओळखलं जातं ते माझ्या रिफमुळे, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीमुळे, आणि ड्रमर विचारतो की मग मी तिथे काय भाड्याने आलो होतो का. तिघांचंही थोडंथोडं खरं असतं. अडचण एवढीच की तिघंही वेगवेगळ्या गोष्टीच्या मालकीबद्दल बोलत असतात आणि तिघंही तिला "गाणं" म्हणतात.

या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. श्रेय लिहिताना जे घडलं ते लिहा. पैसा मात्र तुम्हाला पटेल तसा वाटा. या दोन गोष्टी एकाच कागदावर एकाच आकड्यात कोंबल्या की बँड फुटतो.

आधी गल्ले वेगळे करा

एका गाण्यातून पैसे किमान चार वाटांनी येतात आणि प्रत्येक वाटेचा मालक वेगळा असू शकतो.

पहिला गल्ला शब्दांचा. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा गीताचे शब्द साहित्यकृती मानतो. दुसरा चालीचा, म्हणजे संगीतकृतीचा. कायद्याच्या व्याख्येत संगीतकृतीतून शब्द स्पष्टपणे वगळले आहेत, म्हणून "गीत-संगीत: बँड" अशी एकच ओळ कायद्याच्या नजरेत अर्धवट असते. चाल करणाऱ्याने ती स्वरलिपीत लिहिली नसली तरी तो संगीतकारच. नोटेशन येत नाही म्हणून कुणाचा हक्क जात नाही. तिसरा गल्ला ध्वनिमुद्रणाचा, ज्याला सगळे "मास्टर" म्हणतात. त्याचा कर्ता कायद्याने निर्माता असतो, म्हणजे ज्याने रेकॉर्डिंग घडवून आणलं तो. स्टुडिओचं बिल कुणी भरलं हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. चौथा वादक-गायकांच्या सादरीकरणाचा हक्क. तो ज्याने वाजवलं त्याचा, मग चाल कुणाचीही असो.

कार्यक्रमाचं मानधन, टी-शर्टची विक्री आणि बँडचं नाव या गोष्टी यात येत नाहीत. त्यांचा हिशोब भागीदारीचा. ड्रमर जेव्हा म्हणतो "मी दोनशे शो वाजवले", तेव्हा तो या हिशोबाबद्दल बोलत असतो, चालीबद्दल नाही. त्याचं म्हणणं रास्त असतं, फक्त गल्ला चुकलेला असतो.

वाजवलं की रचलं?

खरी चकमक इथेच होते. इंग्लंडमधले तीन निकाल समोर ठेवले तर रेषा बरीच स्पष्ट होते. ते आपल्या न्यायालयांना बंधनकारक नाहीत, पण बँडच्या आतल्या भांडणांचे इतके तपशीलवार निकाल दुसरीकडे क्वचित मिळतात.

प्रोकोल हारम या बँडचं 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' १९६७ मध्ये आलं. श्रेय गायक गॅरी ब्रूकर आणि गीतकार कीथ रीड यांना होतं. ऑर्गनवादक मॅथ्यू फिशरने तब्बल ३८ वर्षांनी, २००५ मध्ये, दावा केला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने संगीताच्या हक्कात त्याला ४० टक्के वाटा दिला. मधल्या अपिलात पैसे गेले, २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ते परत दिले. वाटा मिळाला तो यासाठी, की त्याने वाजवलेला भाग ही स्वतंत्र, गुणगुणता येईल अशी सुरावट होती, नुसती साथ नव्हती. पैसे मात्र दावा कळवल्यापासून पुढचेच मिळाले. आधीच्या दशकांचे गेले ते गेलेच.

उलट बाजूला स्पँडॉ बॅले हा बँड. १९९९ मध्ये गायक टोनी हॅडली, ड्रमर जॉन कीबल आणि सॅक्सोफोन वाजवणारा स्टीव्ह नॉर्मन यांनी गीतकार-संगीतकार गॅरी केम्पवर दावा लावला आणि ते हरले. गाणी केम्प घरून जवळजवळ पूर्ण करून आणत असे. बाकीच्यांनी त्यात जे भरलं ते चांगलं वाजवणं होतं, रचना नव्हती, असं न्यायाधीशांनी ठरवलं. सॅक्सच्या सोलोलाही श्रेय मिळालं नाही.

तिसरा निकाल भाड्याने बोलावलेल्या व्हायोलिनवादकाचा. रेकॉर्डिंगला येऊन त्याने गाण्याला स्वतःची एक ठसठशीत सुरावट दिली आणि २००२ मध्ये न्यायालयाने त्याला सहरचनाकार मानलं. "आम्ही तर त्याला सेशनचे पैसे दिले होते" हा बचाव पुरला नाही.

यावरून जॅमरूममध्ये वापरता येतील असे काही प्रश्न हाती लागतात. तो भाग कुणी शिट्टीवर वाजवला तर गाणं ओळखू येतं का? दुसऱ्या बँडने कव्हर केलं तर त्यांना तो भाग जसाच्या तसा घ्यावा लागेल का? तो भाग बाहेरून कुणी सुचवला, की हाताला येईल तसं वाजवता वाजवता झाला? रिफ आणि कोरसची सुरावट बहुतेकदा या कसोटीला उतरते. मूळ स्वर धरून चालणारी बेसलाइन, सरळ चार मात्रांचा ठेका, कॉर्डच्या नेहमीच्या जागा बहुतेकदा उतरत नाहीत. पण बेसलाइनच गाण्याचा हुक, म्हणजे कानात बसणारा तुकडा असेल, तर बेसवाल्याचं नाव संगीतकारांत हवंच. ड्रमरच्या बाबतीत आम्ही थोडे कडक आहोत: ठेका कितीही अवघड असला तरी त्यावरून चाल बदलली नसेल, तर तो मांडणीचा भाग. त्याची भरपाई करायची जागा पुढे येते.

कागद कधी आणि कसा

स्प्लिट शीट, म्हणजे गाण्यात कुणाचा किती वाटा हे लिहिलेलं पान, मिक्सिंगच्या आधी भरायची. रिलीजच्या आदल्या रात्री नाही आणि गाणं चालल्यावर तर मुळीच नाही. गाण्याची किंमत शून्य असताना माणसं जितकं खरं बोलतात, तितकं नंतर बोलत नाहीत.

एका गाण्याला एक पान. त्यावर गाण्याचं नाव आणि आधी वापरलेली कामचलाऊ नावं (ही सगळेच विसरतात, आणि पुढे डेमोच्या फाइलशी ताळमेळ लागत नाही), लांबी, डेमोची तारीख, प्रत्येकाचं पॅनकार्डवरचं पूर्ण नाव, टोपणनाव, असेल तर आयपीआय क्रमांक (रचनाकाराचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक). मग दोन वेगळे रकाने: शब्द १०० टक्के, संगीत १०० टक्के. एकत्र १०० करू नका. टक्क्यांच्या शेजारी एका वाक्यात कारण: "अंतऱ्याची चाल आणि सुरुवातीचा रिफ". हे एक वाक्य पाच वर्षांनी टक्क्यांपेक्षा जास्त कामाला येतं. खाली तिसरा रकाना फक्त वाजवणाऱ्यांचा, वाद्यासह. सगळ्यांच्या सह्या, तारीख. गाणं नंतर बदललं तर जुन्या पानावर खाडाखोड नको, नवं पान.

पुरावा रोजच्या सवयीने जमतो. रियाज सुरू करताना फोनवर रेकॉर्डिंग चालू, नावात तारीख, टेम्पो आणि डेमोचा क्रमांक. मूळ फाइल ड्राइव्हवर जाऊ द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली ऑडिओ दाबून लहान केली जाऊ शकते आणि फाइलमधली मूळ तारीखही हरवू शकते, म्हणून ती प्रत पुरावा म्हणून लंगडी. त्याच रात्री सगळ्यांना एक ईमेल: आज काय झालं, कुणी काय आणलं. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने सीडी पाठवून पाकीट न फोडता ठेवण्याची जुनी युक्ती अजून सांगितली जाते. तिचा उपयोग फार तर तारखेपुरता, हक्क कुणाचा हे पाकीट सांगत नाही.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. हवी असल्यास शब्द आणि संगीतासाठी प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये शुल्क आहे. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. एकाने गुपचूप आपल्या एकट्याच्या नावावर नोंदणी करून टाकली, तर तो प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. पण तो खोडून काढता येतो, आणि सही केलेली स्प्लिट शीट तिथेच उपयोगी पडते.

मराठी बँडसाठी एक जास्तीची काळजी. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण तुमच्या कानात बसलेली चाल एखाद्या अलीकडच्या संगीतकाराची असू शकते, आणि चालीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तीच चाल डिस्टॉर्शन लावून वाजवली म्हणून ती तुमची होत नाही. शब्द पारंपरिक आणि चाल खरोखर नवी असेल, तर गीतकार म्हणून संतांचं नाव लिहा आणि फक्त संगीताचा हक्क स्वतःकडे नोंदवा. आजच्या कवीची कविता असेल तर लेखी परवानगी घ्या. कवीने कट्ट्यावर "खुशाल वापर रे" म्हटलेलं पुरत नाही.

श्रेय खरं, वाटा मोठा

समान वाटणीचा मोह मोठा असतो. क्वीन या ब्रिटिश बँडचं उदाहरण सगळे देतात, आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीमुळे ते इथे जरा जास्तच दिलं जातं. सुरुवातीची बरीच वर्षं तिथे ज्याने गाणं लिहिलं त्याचंच नाव लागे. १९७५ च्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या सिंगलच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं गाणं होतं, आणि रेकॉर्ड विकली गेली की दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना सारखेच पैसे मिळत. त्यावरून धुसफूस झाली. १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी चौघांच्या नावावर टाकली. कुठलं गाणं घ्यायचं यावरची ओढाताण त्याने कमी होते, हे खरं.

भारतात मात्र हाच परिणाम साधायला याहून नेमका मार्ग आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार कॉपीराइट दुसऱ्याला देऊ शकतात, पण रॉयल्टीतला आपला निम्मा वाटा सोडू शकत नाहीत. तो वारसांकडे किंवा वसुली करणाऱ्या संस्थेकडेच जाऊ शकतो. उलट करार केला तर तो रद्दबातल. म्हणजे "मी माझी रॉयल्टी कायमची चौघांत वाटून दिली" असं लिहून घेतलेला कागद ऐन वेळी दगा देऊ शकतो.

मग उरलेल्या निम्म्याकडे बघा. हा प्रकाशकाचा, म्हणजे कॉपीराइट घेणाऱ्याचा वाटा. बँडची एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढा, रचनांचा कॉपीराइट तिला लेखी द्या आणि तिच्या उत्पन्नात चौघं समान भागीदार व्हा. साधी भागीदारी संस्था कायद्याने वेगळी व्यक्ती नसते, एलएलपी असते, म्हणून मालकी तिच्या नावावर राहू शकते. खर्च आहे: उत्पन्न शून्य असलं तरी दरवर्षी दोन विवरणपत्रं भरावी लागतात, उशीर झाला की दंड. दोन-तीन गाण्यांच्या बँडने घाई करू नये, सही केलेल्या भागीदारी करारावर काही काळ भागतं.

आकड्यांत बघू. रचनेच्या रॉयल्टीचे १०,००० रुपये आले. ५००० एलएलपीकडे गेले, प्रत्येकी १२५०. शब्दांचे २५०० गायकाचे. संगीताचे २५०० गायक आणि गिटारवाला यांच्यात ६० आणि ४० टक्के, म्हणजे १५०० आणि १०००. गायकाला एकूण ५२५०, गिटारवाल्याला २२५०, बेस आणि ड्रमवाल्यांना प्रत्येकी १२५०. खोटं नाव कुणाचं लागलं नाही आणि रिकाम्या हाताने कुणी गेलं नाही. मास्टर आणि शोचे पैसे चौघांत सारखे ठेवले तर ड्रमरची तक्रार बरीचशी तिथे मिटते.

कॉपीराइट देण्याच्या करारात मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर वेगळं काही ठरलं नसल्यास तो परत जातो.

करारात न चुकवायच्या जागा

काहीच लिहिलेलं नसेल तर काय होतं, याचं उत्तर इंग्लंडमधल्या द स्मिथ्स या बँडच्या ड्रमरने मिळवून दिलं. माइक जॉइसला १० टक्के मिळत होते. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वेगळा करार सिद्ध होत नाही, म्हणून बँडच्या नफ्यात तो समान भागीदार, २५ टक्के. हा पैसा रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांचा होता. गाणी लिहिण्याचा वेगळा आणि तो लिहिणाऱ्या दोघांचाच राहिला. बेसवादक अँडी रूर्कने त्याआधीच ८३,००० पौंड आणि १० टक्क्यांवर तडजोड केली होती, ती तशीच राहिली. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्यातही कराराअभावी नफा समानच वाटला जातो. म्हणून "मी संस्थापक, माझे जास्त" असं असेल तर ते लिहा.

स्पँडॉ बॅलेच्या केम्पच्या खटल्यात आणखी एक धडा आहे. तो कित्येक वर्षं प्रकाशनाच्या उत्पन्नातला एक भाग बँडच्या कंपनीला देत होता आणि १९८८ च्या सुमारास त्याने ते थांबवलं. बाकीचे म्हणाले, आमचं तसं ठरलं होतं. न्यायालयाला असा करार झाल्याचं पटलं नाही. कुणी आपल्या वाट्यातून देत असेल तर ते मनाने देतोय की देणं लागतो म्हणून, आणि कधीपर्यंत, हे एका ओळीत लिहून ठेवा.

बँड सोडणाऱ्याचं काय, हे सगळ्यांत जास्त टाळलं जातं. रचनेतला वाटा सोडल्यावरही जात नाही, तो आयुष्यभर आणि पुढे वारसांचा. झालेल्या मास्टरचा वाटाही राहतो. नव्या गाण्यांवर आणि पुढच्या शोवर हक्क संपतो. नाव कुणाकडे राहणार? किमान किती जण उरले तर तेच नाव वापरायचं? हे आकड्यात लिहा. अर्ध्या राहिलेल्या गाण्यांची यादी सोडण्याच्या दिवशी करा, नाहीतर दोन बँड एकच रिफ घेऊन फिरतात.

परवानगीसाठी बहुमत ठरवा. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका चित्रपटाच्या वादात सांगितलं की कॉपीराइटचा एक सहमालक दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देऊ शकत नाही. म्हणजे रुसलेला एक सदस्य वेबसिरीजचा सौदा अडवू शकतो. "जाहिरात आणि राजकीय प्रचारासाठी सर्वांची संमती, बाकी सगळ्यासाठी चारपैकी तीन" अशी वाटणी बहुतेक बँडना झेपते. दारू किंवा तंबाखूच्या जाहिरातीला नकार द्यायचा अधिकार गाणाऱ्याला वेगळा द्यावा, चेहरा त्याचा असतो.

बाहेरून बोलावलेला वादक आणि प्रोड्युसर (स्टुडिओत गाण्याला आकार देणारा, वरचा कायद्यातला निर्माता नव्हे) यांच्याशी रेकॉर्डिंगच्या आधी एक पान सही करून घ्या: मानधन किती, रचनेत वाटा आहे की नाही, असल्यास किती. प्रोड्युसरने कोरसची चाल बदलली असेल, तर त्याचं नाव न लावणं हा कंजूषपणा पुढे महाग पडतो.

नोंदी: पैसे इथे अडकतात

आयपीआरएस या रचनांची रॉयल्टी वसूल करणाऱ्या संस्थेत गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांनी वेगवेगळं सदस्य व्हायचं असतं. एकटाच सदस्य असेल तर बाकीच्यांचा वाटा त्याच्याकडे येत नाही, तो पडून राहतो. प्रत्येक रचना टक्क्यांसह नोंदवा, आकडे स्प्लिट शीटशी जुळले पाहिजेत.

डिस्ट्रिब्यूटरकडे, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्मवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, अपलोड करताना ठरलेल्या चुका होतात. संगीतकाराच्या रकान्यात बँडचं नाव टाकणं. एकाच माणसाचं नाव एका गाण्यात आद्याक्षराने, दुसऱ्यात टोपणनावाने. जो अपलोड करतो त्यानेच निर्माता म्हणून स्वतःला लिहिणं, आणि मग मास्टर त्याचा असल्यासारखं दिसणं. आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा १२ अक्षरांचा क्रमांक, आयएसडब्ल्यूसी रचनेचा. लाइव्ह आवृत्तीला नवा आयएसआरसी लागतो, आयएसडब्ल्यूसी तोच राहतो. यांची अदलाबदल झाली की पैसे भलत्याच खात्यात शोधत बसावं लागतं.

अपलोडचं खातं एकाच्या खासगी ईमेलवर नको. बँडचा ईमेल, दोघांकडे पासवर्ड. पैसे एकाच्या बँक खात्यात येत असतील तर उत्पन्न आणि कापलेला टीडीएस दोन्ही त्याच्या पॅनवर दिसतात, आणि वाटून दिलेल्या पैशांवरचा कर त्याच्या मानगुटीवर बसतो. दर तीन महिन्यांनी विवरण सगळ्यांना पाठवा, रक्कम चहापुरती असली तरी. रक्कम अनेकदा तेवढीच असते: २०२४ पासून स्पॉटिफाय आधीच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टी देत नाही. वकील गाठण्याआधी हा आकडा जरूर बघावा.

भांडण लागलंच तर

गाणं रागाने प्लॅटफॉर्मवरून उतरवू नका. स्ट्रीमची गंगाजळी जाते आणि मालक एकटेच असल्यासारखं वागल्याचा पुरावा तुमच्याच विरुद्ध तयार होतो. वाद नेमका कशाचा ते लिहा: कुठलं गाणं, कुठला गल्ला, किती टक्के. वादातले टक्के वेगळ्या खात्यात थांबवा, ज्यावर वाद नाही ते चालू ठेवा. सगळं अडवलं की निर्दोष बेसवाल्यालाही बाजू घ्यावी लागते.

मग मूळ डेमो क्रमाने लावा आणि दोन्ही बाजूंनी एकत्र बसून ऐका. हे अवघड जातं, पण तिसऱ्या डेमोत रिफ पहिल्यांदा कुणाच्या हातात ऐकू येतो, हे बऱ्याचदा कानांनीच ठरतं. जमलं नाही तर दोघांना मान्य असा, दोघांच्याही बँडशी संबंध नसलेला संगीतकार नेमून त्याच्याकडून फक्त एका प्रश्नाचं लेखी मत घ्या: हा भाग रचना की वाजवणं?

त्यापुढे वकिलाची नोटीस. दावा लवकर कळवा. फिशरला मालकी मिळाली, पण ३८ वर्षांचे पैसे नाही. तीन लाखांपासून पुढच्या कॉपीराइट वादाला व्यापारी न्यायालयांचा कायदा लागू होतो, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे. दावा तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता तिथे लावता येतो, त्यामुळे पुण्याच्या ड्रमरला बेंगळुरूला गेलेल्या गायकाच्या मागे फिरावं लागत नाही.

फोनमधली रेकॉर्डिंग्ज न्यायालयात द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा ठसा, लिहावं लागतं. म्हणून जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्यातले डेमो कुठे आहेत ते बघा, आणि वाद चालू असेल तर तो फोन देऊच नका.